सोबत दोन वर्षांची चिमुकली अन् दहावीचा मुलगा. क्रूझ निवडायची कशी? नाशिककर कुटुंबांनी बुकिंगआधी तपासाव्यात या गोष्टी

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की मोबाइलवर क्रूझच्या जाहिराती दिसू लागतात. निळा समुद्र, डेकवरचा स्विमिंग पूल आणि खाली ‘प्रतिव्यक्ती अमुक हजारांपासून’ असा आकडा. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो येतात, ट्रॅव्हल एजंटला फोन होतो आणि मग खरा प्रश्न समोर येतो. थोरल्या भावाचा मुलगा दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला, धाकट्याची मुलगी जेमतेम दोन वर्षांची, सोबत आजी-आजोबा. एकाच जहाजावर या सगळ्यांची सुट्टी चांगली जाईल का?

जाऊ शकते, पण निवडीचा क्रम बदलावा लागतो. चौकशीची सुरुवात सहसा दरापासून होते, मग तारीख ठरते, मग जहाज. मुलांसाठीचे नियम वाचले जातात ते पैसे भरून झाल्यावर. त्याऐवजी सर्वांत लहान मुलाच्या वयावरून जहाज ठरवावे, घरातल्या टीनएजरच्या वयावरून मार्ग आणि रात्री ठरवाव्यात आणि दराकडे शेवटी वळावे. असे का, ते सविस्तर पाहू.

सध्या क्रूझची एवढी चर्चा का?

मुंबईहून क्रूझ ही कल्पना नवी नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली होती. २०१९ मध्ये ‘जलेश’ कंपनीचे ‘कर्णिका’ हे जहाज आले, पण करोनाच्या काळात ती कंपनी बंद पडली. त्यानंतर २०२१ पासून ‘कॉर्डेलिया क्रूझेस’चे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करू लागले.

केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केले. २०२९ पर्यंत देशातील क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. २० सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईत बॅलार्ड पिअर येथील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. नॉर्वेजियन क्रूझ लाइनकडून ‘स्काय’ आणि ‘सन’ ही दोन जहाजे भाड्याने घेऊन अनुक्रमे २०२६ आणि २०२७ मध्ये ती भारतात आणण्याची घोषणाही कॉर्डेलियाने केली आहे. थोडक्यात, पर्याय वाढत आहेत आणि म्हणूनच निवड नीट करण्याची गरजही वाढली आहे.

पहिला प्रश्न : सर्वांत लहान मूल किती महिन्यांचे?

इथे ‘वर्षे’ नव्हे, तर ‘महिने’ मोजावे लागतात. बहुतेक मोठ्या क्रूझ कंपन्या सहा महिन्यांपेक्षा लहान बाळाला जहाजावर घेत नाहीत. लांबच्या प्रवासात, म्हणजे सलग तीन किंवा जास्त दिवस जहाज कुठल्याही बंदराला लागणार नसेल, तर हीच मर्यादा अनेक कंपन्यांमध्ये १२ महिन्यांची होते. कारण सरळ आहे. बाळ आजारी पडले तर जवळ रुग्णालय नसते. बाळाचे वय प्रवासाला निघण्याच्या दिवशी मोजले जाते, बुकिंगच्या दिवशी नाही.

यापुढचा नियम जास्त महत्त्वाचा आहे आणि जाहिरातीत तो कधीच ठळक नसतो. ‘किड्स क्लब’ म्हणजे मुलांना काही तास प्रशिक्षित कर्मचाऱ्यांकडे सोपवून जायची जागा. तो बहुतेक जहाजांवर तीन वर्षे पूर्ण झालेल्या मुलांसाठीच असतो. शिवाय मूल स्वतःहून शी-शू सांगणारे हवे, डायपरमधले मूल घेतले जात नाही. म्हणजे दोन वर्षे आठ महिन्यांच्या मुलीसाठी जाहिरातीतला तो रंगीबेरंगी क्लब असून नसल्यासारखा. आई किंवा बाबा सोबत बसणार असतील तर काही ठिकाणी ठरावीक वेळेत आत खेळू देतात, पण मूल सोडून जाता येत नाही.

याला अपवाद आहेत. डिस्नेच्या जहाजांवर सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या बाळांसाठी पाळणाघर असते. त्याचे तासावर वेगळे पैसे लागतात आणि जागा आधी राखून ठेवावी लागते. ‘कार्निव्हल’चा क्लब दोन वर्षांपासून सुरू होतो. ‘एमएससी’च्या जहाजांवर तीन वर्षांखालील मुलांसाठी वेगळा विभाग असतो.

स्विमिंग पूलचेही तसेच. अनेक आंतरराष्ट्रीय कंपन्यांच्या जहाजांवर डायपर घालणाऱ्या मुलांना मुख्य पूलमध्ये उतरू दिले जात नाही, पोहण्याचा खास डायपर घातला तरीही नाही. आरोग्याच्या कारणास्तव हा नियम कडक पाळला जातो. काही जहाजांवर बाळांसाठी कारंज्याचा छोटा वेगळा भाग असतो. तो आपल्या जहाजावर आहे का, हे विचारून घ्यावे. दोन वर्षांच्या मुलीला काठावर उभे करून दादाला पूलमध्ये उड्या मारताना दाखवत राहणे, हा तीन दिवसांचा रडका कार्यक्रम होऊ शकतो.

टीनएजरला नेमके काय हवे असते?

तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांना पालकांच्या डोळ्यांसमोर राहूनही थोडे मोकळे फिरायचे असते. जहाज त्यासाठी तशी सोयीची जागा आहे. हद्द ठरलेली, वाहनांची वर्दळ नाही आणि जेवणासाठी पैसे मागावे लागत नाहीत. पण जहाज लहान असेल आणि करण्यासारखे फारसे नसेल, तर दुसऱ्या दिवशी दुपारीच ‘बोअर होतंय’ ऐकू येते.

मोठ्या आंतरराष्ट्रीय जहाजांवर टीनएजरसाठी स्वतंत्र क्लब असतो. ‘रॉयल कॅरिबियन’मध्ये तो १२ ते १७ वयोगटासाठी आहे. तिथे आई-बाबा नसतात, हेच त्याचे आकर्षण. मात्र एकाच घरातल्या ११ आणि १३ वर्षांच्या चुलत भावंडांना वेगवेगळ्या गटांत जावे लागू शकते. दोघे एकत्र राहणार म्हणून बुकिंग केले असेल, तर ही अट आधी कळलेली बरी.

कॅसिनो आणि बार या दोन ठिकाणी अल्पवयीनांना प्रवेश नसतो. मुंबईहून निघणाऱ्या जहाजावरही कॅसिनो आहे. मुलांच्या रूम कार्डावर खरेदी चालू ठेवायची की बंद, हे बहुतेक कंपन्यांत पालकांना पहिल्याच दिवशी रिसेप्शनवर ठरवता येते. ते ठरवून टाकावे.

आणि इंटरनेट! किनारा मागे पडला की मोबाइलचे नेटवर्क जाते. जहाजावरचे वाय-फाय वेगळे विकत घ्यावे लागते आणि ते बहुधा प्रत्येक उपकरणामागे मोजले जाते. त्याहून मोठा धोका म्हणजे फोन आपोआप जहाजाच्या सागरी नेटवर्कला जोडला जाणे. त्याचे रोमिंग दर जमिनीवरच्या रोमिंगपेक्षा खूप जास्त असतात. म्हणून जहाज निघण्याआधी घरातले सगळे फोन फ्लाइट मोडवर टाकावेत. वाय-फाय किती जणांना, याचा निर्णय नाशिकमध्येच व्हावा.

मुंबईचे जहाज की सिंगापूरचे?

नाशिककर कुटुंबांपुढे सध्या प्रामुख्याने हे दोन मार्ग असतात.

मुंबईहून सुटणारे ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० मध्ये बांधलेले, सुमारे २११ मीटर लांबीचे आणि साधारण ४८ हजार टन क्षमतेचे आहे. पूर्वी ते ‘रॉयल कॅरिबियन’च्या ताफ्यात होते आणि तीन-चार रात्रींच्या छोट्या सहलींसाठीच त्याची रचना केली गेली. आजच्या मापाने ते मध्यम आकाराचे जहाज. पासपोर्ट लागत नाही, कारण देशांतर्गत फेरीत आधारसारखे सरकारी ओळखपत्र चालते. शाकाहारी आणि जैन जेवण मिळते, कर्मचाऱ्यांशी हिंदीत बोलता येते, विमानप्रवास टळतो. दोन वर्षांच्या मुलाला घेऊन पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी या गोष्टी मोठ्या आहेत.

सिंगापूरहून निघणारी जहाजे आकाराने कितीतरी मोठी. ‘गेंटिंग ड्रीम’ हे २०१६ मधले जहाज सुमारे ३३५ मीटर लांब आणि दीड लाख टनांहून मोठे आहे. त्यावर वॉटर स्लाइड आणि रोप कोर्स आहेत. ‘रॉयल कॅरिबियन’ची क्वांटम वर्गातील जहाजे हंगामात सिंगापूरहून निघतात. त्यांवर बंपर कार, सर्फिंगचा कृत्रिम लाटांचा पट्टा असे टीनएजरच्या आवडीचे बरेच काही असते. ‘डिस्ने ॲडव्हेंचर’ या जहाजासाठीही डिस्नेने सिंगापूर हेच मुख्य बंदर ठरवले आहे.

पण तिथपर्यंत पोहोचायला मुंबईहून साधारण साडेपाच तासांचे विमान, व्हिसा आणि पासपोर्ट हवा. पासपोर्ट किमान सहा महिने वैध असावा लागतो. इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. लहान मुलांचा पासपोर्ट दहा नव्हे, तर पाच वर्षांसाठी असतो. मोठ्या मुलाचा पासपोर्ट तो तिसरी-चौथीत असताना काढला असेल, तर त्याची मुदत संपलेली असू शकते. जहाज ज्या ज्या देशात थांबणार आहे, त्या प्रत्येकाचा प्रवेश नियम वेगळा तपासावा लागतो. सिंगापूरहून निघून परत सिंगापूरलाच यायचे असल्याने एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा व्हिसा लागतो.

यावरून एक ढोबळ सूत्र निघते. घरातले सर्वांत लहान मूल तीन वर्षांखाली असेल, तर मुंबईहून दोन-तीन रात्रींची फेरी पुरेशी. सर्वांत लहान मूल तीनच्या पुढे आणि मोठे तेराच्या पुढे असेल, तर सिंगापूरच्या मोठ्या जहाजाचा जादा खर्च वसूल होण्याची शक्यता जास्त.

किती रात्री? मार्ग कोणता?

जाहिरातीत ‘दोन रात्री, तीन दिवस’ लिहिलेले असते. साधा हिशेब करून पाहू. समजा, जहाज शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता निघाले आणि रविवारी सकाळी नऊ वाजता मुंबईत परतले. प्रत्यक्ष प्रवास झाला ४० तासांचा. त्यातले १६ तास झोपेचे. दोन वर्षांच्या मुलाची दुपारची झोप, जेवण, अंघोळ वजा केली, तर त्याच्या आई-बाबांच्या हाती जागेपणीचे दहा-बारा तास राहतात. ‘तीन दिवस’ म्हणून नव्हे, तर या तासांवर खर्च करतोय असे समजून दर तपासावा.

मार्ग निवडताना बंदर नीट पाहावे. काही छोट्या फेऱ्यांत कुठलेच बंदर नसते. जहाज खोल समुद्रात जाऊन परत येते. लहानग्यांना त्याने फरक पडत नाही, टीनएजरना पडतो. गोव्याच्या फेरीत जहाज मुरगाव बंदराला लागते. तिथून पणजी सुमारे ३० किलोमीटर. मूल झोपेला आले असताना पणजीपर्यंत जाऊन वेळेत परतण्याची घाई करण्यापेक्षा जवळचा बोगमाळो किनारा बरा.

लक्षद्वीप दिसायला सर्वांत सुंदर, पण मोठे जहाज तिथे धक्क्याला लागत नाही. ते समुद्रात उभे राहते आणि प्रवाशांना छोट्या बोटींतून बेटावर नेले जाते. हलत्या बोटीत मूल कडेवर घेऊन उतरणे, गुडघे दुखणाऱ्या आजींना हात देणे, हे सगळे त्यात आले. समुद्र खवळलेला असेल तर उतरणे रद्दही होते आणि ती अट तिकिटाच्या छोट्या अक्षरांत लिहिलेली असते. बेटावर जायला प्रवेश परवानाही लागतो. तो कोण काढणार, हे कंपनीला विचारून घ्यावे.

हंगामही महत्त्वाचा. पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. ऑक्टोबर ते मे हा काळ चांगला. मेअखेरीस वारे वाढू लागतात, त्यामुळे उन्हाळी सुट्टीत जायचे तर एप्रिलचा शेवट ते मेचा पहिला पंधरवडा बघावा. दहावीची परीक्षा तोवर झालेली असते. बारावीच्या मुलाची सीईटी मात्र याच दिवसांत येते, तेवढी तारीख पाहून घ्यावी.

केबिन : खिडकी हवी की बाल्कनी?

सर्वांत स्वस्त केबिन म्हणजे आतली, बिनखिडकीची. दिवे मालवले की मिट्ट काळोख. दुपारी झोपणाऱ्या बाळासाठी हे फायद्याचे आहे. टीनएजरला मात्र तिथे कोंडल्यासारखे होते. बाल्कनीत समुद्र दिसतो, पण दोन-तीन वर्षांचे मूल असेल तर बाल्कनीचे दार कायम बंद ठेवावे लागते. खुर्ची कठड्याजवळ ठेवायची नाही, हा तर पक्का नियम. खिडकी असलेली पण न उघडणारी केबिन हा अशा घरांसाठी मधला मार्ग.

एका केबिनमध्ये साधारण चार जण बसवता येतात, पण तिसरा-चौथा पलंग वरून खाली ओढायचा असतो. सहा जणांच्या कुटुंबाने आतून दार असलेल्या शेजारी-शेजारी दोन केबिन मागाव्यात. अशा जोडलेल्या केबिन मोजक्याच असतात आणि लवकर जातात. अल्पवयीन मुलांना स्वतंत्र केबिन देताना अनेक कंपन्या एक प्रौढ सोबत असावा अशी अट घालतात. टीनएजर पुतण्या किंवा भाचा आई-बाबांशिवाय काका-मामांबरोबर येणार असेल, तर त्याच्या पालकांचे संमतीपत्र लागू शकते.

पाळणा मोफत मिळतो, पण संख्या मर्यादित असते. तो बुकिंग करतानाच लिहून घ्यावा. बाथरूममध्ये शॉवर असतो, बादली-मग नसतो. शॉवरला घाबरणाऱ्या मुलासाठी हवेने फुगवायचा छोटा टब सोबत न्यावा.

जाहिरातीतला आकडा आणि खरा खर्च

‘प्रतिव्यक्ती इतक्यापासून’ हा दर सहसा आतल्या केबिनमध्ये दोघांनी राहण्याचा असतो. तिसऱ्या-चौथ्या व्यक्तीला सवलत मिळते, कधी मुलांचे भाडे माफही असते. पण बंदर शुल्क आणि कर सगळ्यांना लागतात, बाळालाही. त्यावर हे खर्च येतात :

• कर्मचाऱ्यांसाठीची सेवा रक्कम किंवा टिप, अनेक कंपन्यांत दर रात्री दर व्यक्तीमागे
• वाय-फाय, प्रत्येक उपकरणामागे
• थंड पेये, आइस्क्रीम, खास रेस्टॉरंट. पॅकेजमध्ये काय आहे ते वाचूनच
• किनाऱ्यावरील सहली
• जहाजावरील डॉक्टरचे शुल्क. ही सेवा मोफत नसते
• नाशिक-मुंबई प्रवास आणि गरज पडल्यास मुंबईतला एक मुक्काम

परदेशी पॅकेज घेतले तर त्यावर टीसीएस कापला जातो. आयकर विवरणपत्र भरताना तो जमेस धरता येतो, पण सुरुवातीला रक्कम खिशातून जाते. एजंटकडून दर घेताना ‘सहा जणांचे, सगळे धरून, एकूण किती?’ असा एकच आकडा लेखी मागावा. दोन जहाजांची तुलना त्या आकड्यावर करावी. रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील, हेही त्याच कागदावर हवे. लहान मुलांना ऐनवेळी ताप येतो, हे गृहीत धरूनच चालावे.

‘गाडी लागणाऱ्या’ मुलांचे काय?

कसारा घाटात ज्याला गाडी लागते, त्याला बोटही लागू शकते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांमध्ये हा त्रास सर्वाधिक दिसतो. दोन वर्षांखालील बाळांना तो सहसा कमी होतो. जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन सर्वांत कमी हलते. औषध मात्र बालरोगतज्ज्ञांना विचारूनच न्यावे. उलटीवर वापरले जाणारे प्रोमेथाझिन दोन वर्षांखालील मुलांना देऊ नये, कारण त्याने श्वासावर गंभीर परिणाम होऊ शकतो. घरात मोठ्यांसाठी आणलेली गोळी अर्धी करून बाळाला देणे म्हणूनच धोक्याचे.

खर्च करण्याआधी चाचणी घ्यायची असेल, तर सोपा मार्ग आहे. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट साधारण तासाभरात पोहोचते. मार्च २०२० मध्ये ती सुरू झाली. अलिबागची एक सहल करून आले, की कोणाला समुद्र मानवतो आणि कोणाला नाही, हे कळते.

जहाजावर पोटाचे विकार झपाट्याने पसरतात. जुलाब-उलट्या करणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा प्रभावी ठरत नाही, साबण-पाणीच लागते. बुफेआधी मुलांचे हात साबणाने धुवावेत. लहानग्यांसाठी मऊ वरण-भात सांगितला तर स्वयंपाकघरातून मिळू शकतो. पण नाचणी सत्त्व, दुधाची पावडर, डायपर हे घरूनच न्यावे. इलेक्ट्रिक किटली बहुतेक जहाजांवर चालत नाही, जप्त होते. गरम पाणी मागून घ्यावे.

घरात कोणी गर्भवती असेल तर तेही आधी सांगावे. २४ आठवडे झालेल्या किंवा प्रवासात होणाऱ्या महिलेला बहुतेक कंपन्या घेत नाहीत.

सुरक्षितता : लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचे आहे का?

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला अपघात झाला आणि लाइफ जॅकेटचा, त्यातही मुलांच्या जॅकेटचा प्रश्न महाराष्ट्रात सगळ्यांच्या तोंडी आला. समुद्रपार जाणाऱ्या प्रवासी जहाजांसाठी ‘सोलास’ हा आंतरराष्ट्रीय करार लागू असतो. ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर १९१४ मध्ये त्याची पहिली आवृत्ती झाली. त्यानुसार मुलांची जॅकेट प्रवाशांच्या संख्येच्या किमान दहा टक्के असावी लागतात. प्रवास २४ तासांपेक्षा मोठा असेल, तर जहाजावरच्या प्रत्येक बाळासाठी बाळाच्या मापाचे जॅकेट असणे आवश्यक आहे. १५ किलोखालील मूल ‘बाळ’ या मापात मोडते, १५ ते ४३ किलोचे मूल ‘लहान मुलां’च्या मापात.

केबिनमध्ये बहुधा मोठ्यांचीच जॅकेट ठेवलेली असतात. आत शिरल्याबरोबर मुलाचे वजन सांगून त्याचे जॅकेट मागावे आणि एकदा घालून पाहावे. मोठ्याचे जॅकेट लहान मुलाच्या अंगातून वर सरकते, ते उपयोगाचे नाही.

२०१२ मध्ये इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ बुडाले, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या अनेक प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता. त्यानंतर नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून जहाज निघण्याआधी किंवा निघताच सुरक्षा सराव घेणे बंधनकारक आहे. या वेळी टीनएजर बहुधा डेकवर फोटो काढत असतो. त्याला सोबत न्यावे आणि ‘काही झाले तर केबिनमध्ये आम्हाला शोधायला येऊ नकोस, थेट ठरलेल्या जागी ये’ हे सांगावे.

नाशिकहून निघताना

बॅलार्ड पिअर सीएसएमटी स्थानकापासून जवळ आहे, टॅक्सीने काही मिनिटांत पोहोचता येते. सकाळी नाशिकरोडहून सुटणारी पंचवटी एक्स्प्रेस दुपारआधी सीएसएमटीला पोहोचवते आणि संध्याकाळी परत आणते. रस्त्याने जायचे तर ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाल्याने कसारा घाट टाळता येतो. पण त्यापुढे भिवंडी-ठाण्याची कोंडी आहेच.

विमानाप्रमाणे जहाजाचेही चेक-इन निघण्याच्या बरेच आधी बंद होते. जहाज कोणासाठी थांबत नाही आणि चुकलेल्या प्रवाशाला सहसा पैसे परत मिळत नाहीत. लहान मूल सोबत असेल तर आदल्या दिवशीच मुंबई गाठणे शहाणपणाचे. औषधे, दोन डायपर, कपड्यांचा एक जोड आणि कागदपत्रे हातातल्या पिशवीत ठेवावीत, कारण मोठ्या बॅगा केबिनपर्यंत यायला काही तास लागू शकतात.

सुट्टी नेमकी कोणाची?

सगळ्या यादीत न लिहिलेला प्रश्न हाच. किड्स क्लब दोन वर्षांच्या मुलीला घेणार नाही. संध्याकाळचा शो तिच्या झोपेच्या वेळी असणार. मग केबिनमध्ये तिच्याजवळ कोण बसणार? ठरवले नाही, तर ते काम आपोआप आईकडे किंवा आजीकडे जाते. लाखभर रुपये मोजून घरातलीच एक बाई चार भिंतींत बसून राहते आणि बाकीचे ‘मस्त झाली ट्रिप’ म्हणतात.

यावर उपाय जाण्याआधीच करता येतो. बोटीवरच्या दर संध्याकाळी आणि दर दुपारी बाळाजवळ कोण, हे मोठ्यांनी वाटून घ्यावे. दोन रात्री असतील तर एक रात्र बाबांची, एक रात्र काका-काकूंची. टीनएजर भावाकडे दिवसातला एक तास देता येईल, पण तो एकच. त्याच्यावर पाळणाघर सोपवले तर त्याचीही सुट्टी गेली. आजी-आजोबांना विचारून, त्यांना झेपेल तेवढेच द्यावे.

एजंटला लेखी विचारा हे सात प्रश्न

१. निघण्याच्या दिवशी बाळाचे वय इतके महिने असेल, चालेल का?
२. या जहाजावर किड्स क्लब कोणत्या वयापासून आहे? डायपर चालते का?
३. टीनएजरसाठी वेगळी जागा आहे का, वयाची अट काय?
४. डायपरमधल्या बाळासाठी पाण्यात खेळायची जागा आहे का?
५. जोडलेल्या केबिन आणि पाळणा नक्की मिळतील का?
६. कोणत्या बंदरावर छोट्या बोटीतून उतरावे लागेल?
७. सगळे धरून एकूण रक्कम किती आणि रद्द केल्यास परत किती?

थांबावे की जावे?

कधी कधी सर्वांत चांगली निवड म्हणजे सहा महिने थांबणे. दिवाळीत दोन वर्षे आठ महिन्यांची असलेली मुलगी मेच्या सुरुवातीला तीन वर्षे पार करते. तोवर ती शी-शू सांगू लागली असेल, तर तेच जहाज तिच्यासाठी आणि तिच्या आईसाठी वेगळे ठरते. तिला क्लबमध्ये प्रवेश मिळतो, पूल खुला होतो आणि आईला दुपारचे दोन तास मिळतात. दहावीची परीक्षा दिलेला दादाही तेव्हाच मोकळा असतो. एजंट सवलतीची मुदत संपतेय म्हणून घाई करत असेल, तेव्हा एका हातात कॅलेंडर आणि दुसऱ्या हातात मुलीचा जन्मदाखला घेऊन महिने मोजावेत. मगच पैसे भरावेत.